भट्टी तापेना, तेव्हा आधी अँपिअर मोजा

दिवाळी तीन आठवड्यांवर आलेली असते. पणत्यांचे ट्रे वाळून तयार असतात, दुकानदाराला तारीख दिलेली असते, आणि नेमकी त्याच आठवड्यात इलेक्ट्रिक भट्टी हात वर करते. दिवा लागतो, आकडे दिसतात, आतून ‘टक’ असा आवाजही येतो. पण सकाळी आठला लावलेली भट्टी दुपारी दोन वाजले तरी सहाशे अंशांवर रेंगाळत असते. ओळखीचा वायरमन येतो, दार उघडून आत डोकावतो आणि सांगतो, ‘कॉइल गेली, बदलून टाका.’ कॉइल बदलली जाते. भट्टी पुन्हा सहाशेवरच अडते.

सुरतच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत घरच्या जागेत मातीकाम करणाऱ्यांपासून अठवा लाइन्स, वेसूकडे हौसेने स्टुडिओ थाटणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा गोंधळ इथेच होतो: बिघाड नेमका कुठे आहे हे कळायच्या आत सुटा भाग विकत घेतला जातो. दागिन्यांच्या कास्टिंगची मफल भट्टी वापरणारे कारागीर आणि दातांच्या लॅबवाले यांचीही हीच तक्रार असते. त्यांच्या भट्टीचे माप वेगळे, पण आतली जोडणी बरीचशी तशीच असते.

कुंभाराच्या आव्यात बिघाड डोळ्यांना दिसतो. लाकूड ओले आहे, गोवऱ्या कमी पडल्या, वारा उलटा आहे, हे धूर आणि ज्वाळा पाहून कळते. इलेक्ट्रिक भट्टीत हे सगळे पत्र्याच्या पेटीत दडलेले असते. तिथे डोळ्यांचे काम मीटर करतो. एक साधा मल्टिमीटर आणि तारेभोवती पकडून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर, एवढ्या दोन वस्तूंवर निदानाचे बहुतेक काम होते. स्वतःकडे नसतील तर वायरमनला बोलावताना ‘क्लॅम्प मीटर घेऊन या’ एवढे आवर्जून सांगा. तो रिकाम्या हाताने आला, तर त्याचे निदान हा निव्वळ अंदाज असतो.

पेटी उघडण्याआधी

कंट्रोलर बंद केला म्हणजे एलिमेंटमधली, म्हणजे तापणाऱ्या कॉइलमधली, वीज गेली, असे समजू नका. अनेक भट्ट्यांत एसएसआर, म्हणजे सॉलिड स्टेट रिले, दोनपैकी एकच तार तोडतो. दुसऱ्या तारेतून एलिमेंटपर्यंत वीज पोचलेलीच असते. शिवाय ‘बंद’ स्थितीतही एसएसआरमधून थोडा प्रवाह झिरपतो. म्हणून:

- भिंतीवरचा मुख्य आयसोलेटर किंवा एमसीबी पाडा. प्लग असेल तर तो उपसून डोळ्यांसमोर ठेवा.
- नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नका. मीटर आधी चालू सॉकेटवर तपासा, मग भट्टीच्या टर्मिनलवर लावा.
- भट्टी पूर्ण थंड होऊ द्या. आत पांढऱ्या सिरॅमिक फायबरचे अस्तर असेल तर ते खरवडू नका. हात लावायचाच असेल तर मास्क घाला. तापून जुन्या झालेल्या फायबरची धूळ फुप्फुसांना घातक असते.
- चालू विजेवरची मापे परवानाधारक वायरमनलाच घेऊ द्या. तुम्ही शेजारी उभे राहा आणि आकडे वहीत लिहा.

पाच मिनिटांत सुटणाऱ्या गोष्टी

काही तक्रारींना पाना लागतच नाही. दाराचा लिमिट स्विच नीट दाबला जात नसेल तर भट्टी मुद्दामच तापत नाही. दाराची बिजागरी चार मिलिमीटर खाली बसली तरी तेवढे पुरते. लाल इमर्जन्सी बटण दाबलेले राहिले आहे का, कंट्रोलरमध्ये ‘डिले स्टार्ट’ म्हणजे काही तासांनी सुरू होण्याची आज्ञा दिलेली आहे का, कार्यक्रम ‘होल्ड’वर अडकला आहे का, हेही बघा. घरात लहान मूल किंवा नवा मदतनीस असेल तर हे आधी बघा.

एक चूक मात्र महाग पडते. कंट्रोलर सेल्सिअसऐवजी फॅरनहाइटवर गेलेला असतो. पडद्यावर १००० दिसते, भट्टी वेळेत थांबते, बाहेर येणारी भांडी मात्र कच्ची असतात. कारण १००० फॅरनहाइट म्हणजे फक्त ५३८ सेल्सिअस. ओळखायची खूण सोपी आहे. सुरतेतल्या सकाळी थंड, रिकाम्या भट्टीचा आकडा ३० च्या आसपास असायला हवा. तो ८६ दिसत असेल तर भट्टी ठणठणीत आहे, सेटिंग चुकलेले आहे.

भट्टी किती अँपिअर खेचते?

इथून खरे निदान सुरू होते. भट्टीच्या पाठीवर किंवा बाजूला एक पट्टी असते. तिच्यावर व्होल्ट, किलोवॉट आणि फेज लिहिलेले असतात. किलोवॉटचे वॉट करून व्होल्टने भागले की सिंगल फेज भट्टीचे अपेक्षित अँपिअर मिळतात.

उदाहरणासाठी घरगुती स्टुडिओत शोभेल अशी एक भट्टी घेऊ: ६ किलोवॉट, २३० व्होल्ट, सिंगल फेज, आत समांतर जोडलेले दोन एलिमेंट. ६००० भागिले २३०, म्हणजे साधारण २६ अँपिअर. भट्टी जोरात तापत असायला हवी अशा वेळी क्लॅम्प मीटर मुख्य तारेभोवती लावायचा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम पकडले तर आकडा शून्य येतो. तार एकच पकडा. आता मीटर जे सांगेल, त्यावर पुढची वाट ठरते.

शून्य आले तर

एलिमेंटपर्यंत वीज पोचत नाही. कंट्रोलरचा पडदाही काळा असेल तर फ्यूज, एमसीबी, प्लग आणि केबल बघा. पडदा चालू असेल तर पुढचा प्रश्न असा: कंट्रोलर ‘तापव’ अशी आज्ञा देतो आहे का? बहुतेक कंट्रोलरवर आउटपुटचा एक छोटा दिवा असतो.

दिवा लागत नाही आणि पडद्यावर सेन्सर तुटल्याचा इशारा किंवा भलताच आकडा दिसतो, तर संशय थर्मोकपलवर घ्यावा. त्याची परीक्षा अशी: वीज पूर्ण बंद करून थर्मोकपलच्या दोन्ही तारा कंट्रोलरवरून सोडवा, त्या दोन टर्मिनलांमध्ये वायरचा छोटा तुकडा जोडा, मग फक्त पडदा उजळण्यापुरती वीज द्या. खोलीचे तापमान दिसले तर कंट्रोलर चांगला, थर्मोकपल किंवा त्याची तार गेलेली. पाहून झाले की तुकडा लगेच काढा. तो तसाच राहिला तर कंट्रोलरला भट्टी कायम थंड वाटत राहील आणि तो तिला थांबवणारच नाही.

दिवा लागतो, पण अँपिअर शून्य? मग मधला दुवा तुटला आहे: कॉन्टॅक्टर किंवा एसएसआर. कॉन्टॅक्टर ओढलाच जात नसेल तर त्याची कॉइल गेलेली असू शकते. ओढला जाऊनही वीज पुढे जात नसेल तर आतले पॉइंट जळून खड्डे पडलेले असतात. नुसताच गुरगुरत असेल तर आत कचरा किंवा कॉइलला कमी व्होल्टेज.

या बाबतीत सुरतकरांची सोय इतर शहरांहून जास्त आहे. भट्टी दुसऱ्या राज्यातून आलेली असते आणि कंपनीचा माणूस ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणतो. पण कॉन्टॅक्टर, एसएसआर, तापमान कंट्रोलर आणि के-टाइप थर्मोकपल हे काही भट्टीचे खास भाग नव्हेत. टेक्श्चरायझिंगच्या यंत्रांत आणि डाइंग-प्रोसेसिंगच्या कारखान्यांत हेच भाग रोज बदलले जातात. उधना, पांडेसरा किंवा सचिनच्या औद्योगिक वसाहतींना माल पुरवणाऱ्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जुना भाग हातात घेऊन जा. त्यावरचे तीन आकडे जुळवा: किती अँपिअरचा, कॉइल किंवा इनपुट किती व्होल्टचा, आणि एसी की डीसी. एसएसआर भट्टीच्या प्रवाहाच्या निदान दीडपट क्षमतेचा घ्या आणि हीट सिंकवरच बसवा. उघड्या पत्र्यावर स्क्रूने ठोकलेला एसएसआर फार दिवस टिकत नाही.

एसएसआरबद्दल आणखी एक गोष्ट माहीत असायलाच हवी. तो बिघडतो तेव्हा बहुतेकदा ‘चालू’ स्थितीतच अडकतो. भट्टी मग तापायची थांबत नाही. म्हणून त्याच्या मागे वेगळा कॉन्टॅक्टर आणि ठरावीक तापमानाला तो पाडणारी स्वतंत्र सुरक्षा असावी. तुमच्या भट्टीत ती नसेल तर या दुरुस्तीतच बसवून घ्या. हा खर्च टाळण्यासारखा नाही.

अर्धे आले तर

आपल्या उदाहरणातल्या भट्टीत २६ ऐवजी १३ अँपिअर आले, तर दोनपैकी एक एलिमेंट तुटलेला किंवा त्याची जोडणी सुटलेली आहे. भट्टी लाल होईल, ७००-८०० अंशांपर्यंत जाईल आणि मग अडेल. कारण जितके तापमान वाढते तितकी उष्णता भिंतींतून जास्त निसटते, आणि ३ किलोवॉटची कमाई त्या गळतीला पुरत नाही.

वीज बंद करून प्रत्येक एलिमेंटची निदान एक तार सोडवा आणि रोध मोजा. तार न सोडवता मोजले तर समांतरचा दुसरा एलिमेंट आकडा बिघडवतो. ३ किलोवॉटच्या एलिमेंटचा रोध २३० गुणिले २३० भागिले ३०००, म्हणजे १७.६ ओहम यायला हवा. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो आधी वजा करा. एका एलिमेंटवर १७.६ आणि दुसऱ्यावर ‘ओपन’ आले तर गुन्हेगार सापडला.

थ्री फेज भट्टीत अशीच फसवणूक एखादी फेज गेल्यावर होते. पंखे, दिवे चालू असतात, म्हणून वीज ‘आहे’ असे वाटते. स्टार जोडणीत न्यूट्रल असेल तर एक फेज गेल्यावर दोन तृतीयांश ताकद उरते. न्यूट्रल नसलेल्या स्टारमध्ये आणि डेल्टामध्ये निम्मीच. तीनही फेजवर वेगवेगळे अँपिअर मोजा. एका तारेवर शून्य आले तर एलिमेंटला हात लावण्याआधी मेन बोर्डवरचे फ्यूज बघा.

थोडे कमी आले तर

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून इथे जरा थांबू.

समजा, क्लॅम्प मीटरवर २३.२ अँपिअर आले. २६ च्या जवळचाच आकडा, त्यामुळे ‘करंट ठीक आहे’ म्हणून वायरमन पुढे जातो. त्याच क्षणी, भट्टी चालू असताना, तिच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजणे अत्यंत गरजेचे आहे. कारण तोच २३.२ चा आकडा दोन अगदी वेगळ्या आजारांत येतो.

पहिल्या घरी व्होल्टेज २३० आहे. २३० भागिले २३.२, म्हणजे ९.९ ओहम. नव्या भट्टीचा एकूण रोध ८.८ होता. तो बारा टक्क्यांनी वाढला, म्हणजे एलिमेंट म्हातारे झाले. तारेचा पृष्ठभाग झिजत जातो, आतला वाहता गाभा बारीक होतो आणि रोध चढतो. भट्टीची ताकद ६ वरून ५.३ किलोवॉटवर आलेली असते. टेराकोटाच्या ९५०-१००० अंशांना ती अजून पोचते, पण स्टोनवेअरच्या १२२० च्या आसपास धापा टाकते. नव्यापेक्षा दहा टक्के रोध वाढला की एलिमेंट बदलायची तयारी करावी, आणि सगळे एकदम बदलावेत.

दुसऱ्या घरी व्होल्टेज २०५ आहे. २०५ भागिले २३.२ म्हणजे ८.८. एलिमेंट अगदी नव्यासारखे आहेत! व्होल्टेज पडले आहे, आणि ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडते. अकरा टक्के व्होल्टेज कमी झाले की वीस टक्क्यांहून जास्त ताकद जाते; उरतात जेमतेम ४.८ किलोवॉट. या घरी कितीही कॉइल बदलल्या तरी भट्टी चढणार नाही.

आता पुढचा प्रश्न: व्होल्टेज कुठे पडते? भट्टी चालू ठेवून वीज मीटरजवळच्या मेन बोर्डावर मोजा आणि मग भट्टीजवळ मोजा. मेन बोर्डावर २२२ आणि भट्टीजवळ २०५ असेल तर १७ व्होल्ट तुमच्याच घरातल्या तारेत जळत आहेत. १७ गुणिले २३, म्हणजे जवळजवळ ४०० वॉटची उष्णता भिंतीतल्या पाइपात रोज आठ-आठ तास साठते आहे. हा मुद्दा भट्टीपुरता उरत नाही, सबंध घराच्या सुरक्षिततेचा होतो. ६ किलोवॉटच्या भट्टीला मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन, ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि ३२ अँपिअरचा एमसीबी हवा. अंतर जास्त असेल तर केबल आणखी जाड.

काळा पडलेला स्क्रू

कधी कधी बिघाड एका स्क्रूएवढा असतो. एलिमेंटचे टोक जिथे तांब्याच्या तारेला भेटते, तो स्क्रू वारंवार तापून-थंडावून सैल होतो. समजा तिथे फक्त ०.१ ओहमचा अडथळा तयार झाला. २६ अँपिअर त्यातून जाताना सुमारे ६८ वॉट उष्णता त्या शेंगदाण्याएवढ्या जागेत निर्माण होते. व्होल्टेज पडते अवघे अडीच व्होल्ट, म्हणून मीटरला ते जाणवतही नाही. नजरेला मात्र दिसते: चकचकीत पितळ काळपट झालेले, शेजारच्या तारेचे आवरण कडक होऊन तडकलेले, आणि दार उघडताच येणारा जळक्या प्लास्टिकचा वास. ३ किलोवॉटची लहान भट्टी १६ अँपिअरच्या प्लगवर चालवणाऱ्यांनी हाच वास प्लगजवळ घ्यावा. १३ अँपिअर आठ तास वाहिले की साध्या सॉकेटची पकड ढिली पडते. अशी जोडणी घासून पुन्हा वापरू नका. टर्मिनल नवे घाला आणि तारेचा जळका भाग कापून टाका.

आग किती जिवावर बेतते हे सुरतेने पाहिले आहे: २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातल्या तक्षशिला आर्केडला लागलेल्या आगीत २२ विद्यार्थ्यांचा जीव गेला. वरच्या मजल्यावर मुलांचे मातीकामाचे वर्ग घेणाऱ्यांनी भट्टी जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर कधीही ठेवू नये, आणि वर्ग भरलेला असताना ती चालवू नये.

अँपिअर पूर्ण, तरी आकडा चढेना

वीज जाते आहे, म्हणजे उष्णता निर्माण होतेच आहे. एकतर ती बाहेर पळते आहे किंवा मोजणारा खोटे बोलतो आहे. दाराची फट, फुटलेली वीट आणि एकावर एक रचलेली जाड ओली भांडी बघून घ्या. त्यानंतर थर्मोकपलकडे वळा.

नवा थर्मोकपल बसवल्यावर भट्टी तापत असताना आकडा खोलीच्या तापमानाच्याही खाली उतरू लागला, तर दोन तारा उलट जोडल्या आहेत. ही चूक चांगल्या वायरमनकडूनही होते, कारण अमेरिकी रंगपद्धतीत लाल तार ऋण असते आणि आपल्याकडे लाल पाहिले की हात आपोआप धनकडे जातो. रंगावर न जाता लोहचुंबक लावा: के-टाइपमध्ये जी तार चुंबकाला चिकटते ती ऋण.

थर्मोकपल भोकातून मागे सरकून विटेतच राहिला तर तो कमी तापमान दाखवतो आणि भट्टी प्रत्यक्षात जास्त तापते. त्याची तार साध्या तांब्याच्या तारेने लांबवली असेल तर जोडाजवळची उष्णता हिशेबातून निसटते आणि तिथेही आकडा चुकतो. त्यासाठी के-टाइपचीच तार लागते. शंका आली की भांड्यांसोबत पायरोमेट्रिक कोन ठेवा. कोन वाकला आणि पडदा मागेच, तर खरे कोनाचे माना.

भट्टी लावताच ट्रिप होते

पावसाळ्यात सुरतेची हवा ओलसर असते आणि इन्सुलेशनची वीट स्पंजासारखी पाणी धरते. दोन महिने बंद असलेली भट्टी सुरू करताच आरसीसीबी पडतो. काही जण तो बाजूला काढून भट्टी थेट जोडतात. असे कधीही करू नका. पत्र्यात उतरलेली वीज तुमच्या अंगातून जाऊ नये म्हणूनच तो पडलेला असतो.

- वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने एलिमेंट आणि पत्रा यांच्यातला रोध मोजून घ्या. तो एक मेगाओहमपेक्षा कमी असेल तर ओल किंवा कुठेतरी स्पर्श आहे.
- ओल असेल तर भट्टीच्या आत बाहेरून गरम हवा सोडा किंवा टेबललॅम्पचा पिवळा बल्ब ठेवा, दार किलकिले ठेवा आणि दोन दिवस वाट बघा.
- मेगरचा आकडा सुधारल्यावर १०० अंशांच्या आसपास काही तास रिकामी चालवा.

ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरात शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. सखल भागातल्या तळमजल्यावर भट्टी असेल तर ती जमिनीवर न ठेवता उंच लोखंडी स्टँडवर ठेवा, आणि पॅनेल त्याहून वर भिंतीवर घ्या. पाण्यात बुडालेली भट्टी वाळली तरी पॅनेलमधले कॉन्टॅक्टर आणि एसएसआर पुन्हा वापरू नयेत.

एलिमेंट बदलायचेच ठरले तर

दुकानात ‘भट्टीची कॉइल द्या’ एवढे म्हटले तर नायक्रोम हाती पडू शकते. ती सुमारे १२०० अंशांपर्यंत टिकते, आणि तार नेहमीच भट्टीतल्या हवेपेक्षा जास्त तापलेली असते. स्टोनवेअर भाजणाऱ्यांनी कॅन्थल ए-वन किंवा त्याच जातीची लोह-क्रोमियम-ॲल्युमिनियमची तार मागावी. तिची कमाल मर्यादा १४०० आहे. कॉइल वळवून देणाऱ्याला तीन गोष्टी लिहून द्या: हवे असलेले ओहम, खाचेची लांबी आणि तारेची जाडी. ओहम जुळले पण तार बारीक असेल तर भट्टी तापेल, पण कॉइल लवकर तुटेल.

एकदा तापलेली ही तार थंड असताना काचेसारखी ठिसूळ होते. खाचेतून बाहेर आलेला जुना एलिमेंट पकडीने दाबू नका, तुटेल. नवी कॉइल बसवल्यावर पहिली भाजणी रिकामी करा आणि १०५० अंशांच्या आसपास काही तास धरून ठेवा. त्यात तारेवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा राखाडी थर चढतो. पुढे तोच थर तिला जपतो.

व्होल्टेजची तक्रार कुणाकडे?

मेन बोर्डावरच व्होल्टेज पडत असेल तर बिल काढून बघा: शहराच्या काही भागांत टोरंट पॉवर वीज देते, इतरत्र दक्षिण गुजरात वीज कंपनी, जिचे मुख्य कार्यालय कापोद्र्यात आहे. तक्रार करण्याआधी आठवडाभर सकाळ, दुपार, रात्र असे व्होल्टेज लिहून ठेवा, भट्टी बंद आणि चालू असताना दोन्ही. मीटरच्या पडद्याचा वेळेसह फोटो घ्या. रात्री व्होल्टेज चांगले राहते असे दिसले तर तूर्त भाजणी रात्री लावा, पण माणूस जागा ठेवूनच.

तक्रार लेखी करा आणि क्रमांक घ्या. उत्तर समाधानकारक नसेल तर विद्युत कायदा २००३ च्या कलम ४२ नुसार प्रत्येक वितरण कंपनीला ग्राहक तक्रार निवारण मंच ठेवावाच लागतो. त्याच्या वर विद्युत लोकपाल असतो.

मात्र आपली बाजू आधी तपासा. मंजूर भार ३ किलोवॉट आणि भट्टी ६ ची असेल तर तक्रार उलटू शकते. भार वाढवण्याचा अर्ज करा. घरगुती जोडणीवर व्यवसाय चालवत असाल तर तोही विषय मिटवा. मंजूर कारणापेक्षा वेगळा वापर आढळल्यास याच कायद्याचे कलम १२६ लागू दराच्या दुपटीने आकारणी करू देते. स्टॅबिलायझर घेणार असाल तर ६ किलोवॉटला निदान साडेसात केव्हीएचा सर्वो घ्या, पण तारेतली गळती दुरुस्त केल्यानंतरच.

विक्रेता टाळाटाळ करत असेल तर

वॉरंटीच्या कागदात एलिमेंट आणि थर्मोकपल बहुधा वगळलेले असतात. कंट्रोलर, पॅनेल, विटा आणि ‘इतक्या तासांत इतके अंश’ हे आश्वासन मात्र विक्रेत्याला बांधते. म्हणून घेतानाच कमाल तापमान आणि तिथे पोचायला लागणारा वेळ बिलावर किंवा कोटेशनवर लिहून घ्या. बिल द्यायला नकार देणे हीच ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे.

‘तुम्ही धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहक नाही,’ असे उत्तर मिळाले तर गप्प बसू नका. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू याच कायद्यात ग्राहकाच्या व्याख्येत बसते. भट्टी दुसऱ्या राज्यातून आली असली तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सुरत जिल्हा आयोगात करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. अनेक प्रकरणे तिथल्या मध्यस्थीतच सुटतात. दुरुस्ती करणाऱ्याकडूनही जुने भाग परत मागा आणि दुरुस्तीआधीचे व नंतरचे अँपिअर बिलावर लिहून घ्या.

भट्टी पुन्हा नीट चालली त्या दिवशी पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला कायम शाईच्या पेनाने चार गोष्टी लिहा: तारीख, चालू असतानाचे व्होल्ट, अँपिअर, आणि प्रत्येक एलिमेंटचे ओहम. खाली आणखी सात-आठ ओळींची जागा मोकळी सोडा.